दुपारची घोळ

"थांबा आक्का, चुली पेटल्या का बघू द्या," असं म्हणून सर एक डोळा मिटायचे आन् हातातलं पान उन्हापुढं धरायचे. पान कंचंबी चालायचं. लिंबाचं, रुईचं, कुणाच्या दारातल्या जास्वंदीचं. भर रस्त्यात माणूस थांबलाय, तोंड वाकडं करून पानातून सूर्याकडं बगतोय. तुमी असतात तर तुमीबी म्हणले असतात, ह्याचं काय खरं नाय. मीबी पहिल्या दिशी तेच म्हणले.

बाकीचे मास्तर सदऱ्याच्या खिशात पेन ठेवायचे. सरांच्या खिशात पान असायचं. ते तिथंच सुकायचं, त्याचा चुरा व्हायचा, आन् खिशावर हिरवा डाग पडायचा. त्यांच्या एकूण एक सदऱ्यावर तो डाग व्हता. पेन ते दुसऱ्याचा मागायचे आन् परत द्यायला इसरायचे.

मी त्या कॉलेजात झाडांच्या खात्यात काचेची भांडी धुयाला व्हते. झाडं शिकवायचं खातं असतं हेच मला तिथं गेल्यावर कळालं. माझं गाव कन्नडच्या पल्याड, घाटाच्या अंगाला. निजामावर पोलीस अॅक्शन झालं तव्हा मी आईच्या कडेवर व्हते. शाळा दोन वर्सं लाभली, मंग पाठची भावंडं संभाळली. बहात्तरच्या दुष्काळात आमी नवराबायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. दोन लेकरं संगं व्हती. माघारी येताना एक व्हतं. पुढं औरंगाबादेत आलो, हर्सूलला पत्र्याच्या खोलीत ऱ्हायलो. माझ्या मालकाच्या छातीत खडीची धूळ बसली व्हती, ते दोन वर्सांत गेले. मी आन् लेक ऱ्हायलो. रडायचं तेवढं रडले आन् मंग काम बगितलं.

पहिल्याच हप्त्यात माझ्या हातनं लई मोठी चूक झाली. टेबलावर काचेच्या नळ्या व्हत्या, बुडाशी हिरवा गाळ बसलेल्या. मला वाटलं घाण हाये. सगळ्या नळ्या घासून, खळबळून, उन्हात पालथ्या घातल्या. सर आले. एक नळी उचलली, उजेडाकडं धरली, परत ठिवली. मंग म्हणले, "लई चकाचक केल्या आक्का."

मागून चाचा बोलले, "क्या बाई, मास्तर का दो दिन का माल धो डाली तू!" चाचा म्हंजी खात्यातले सगळ्यात जुने नोकर. दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा.

आता घरी जा म्हणतेल, असं वाटलं. सर स्टूल ओढून म्हणले, "बसा." मास्तरापुढं स्टुलावर बसायची मला सवय नव्हती. मी भुईवर बसले. तर तेबी माझ्यासमोर फरशीवरच बसले.

"आक्का, घरी चूल हाय ना तुमच्या?"

"हाये की."

"तशी पानातबी हाय. एक नाय, मोजता येणार नाय इतक्या. हिरव्या बारीक बारीक चुली, डोळ्याला दिसत नायत. सरपण कंचं, तर ऊन. भांड्यात काय, तर पाणी आन् हवा. शिजतं काय, तर साखर. झाड तेच खातं. शेळी झाड खाती. आपण ज्वारीची भाकर खातो. सगळ्या गावाचा सैपाक त्या चुलीवर हाय. त्या विझल्या तर तुमची माझी काय पेटती? आज तुमी त्याच धुतल्या."

मला खरं तर माफी मागायची व्हती. पण तोंडातनं निघालं भलतंच. "मंग सर, धूर कुठं जातो?"

सर जे हसले, जे हसले, डोळ्याला पाणी आलं त्यांच्या. "धूर नाय निघत आक्का. उलटी चांगली हवा निघती, तीच आपण ओढतो. पण हा सवाल माझ्या एम.एस्सी.च्या पोरांनी आजपावतर इचारला नाय!" त्या दिवसापासून ते मला नळ्या नुसत्या धुयाला लावायचे नायत. काय धुताय ते सांगून धुयाला लावायचे.

आता हे काम कसं चालायचं ते सांगते, म्हंजी पुढचं समजंल. पान बर्फावरच्या खलात कुटायचं, हळू हळू, चुलींला धक्का लागू न देता. मलमलीच्या फडक्यातून पिळायचं. मंग ते हिरवं पाणी नळीत घालून गरगर फिरवायच्या यंत्रात ठिवायचं. चुली जड, त्या बुडाला बसतेत. तोच तो गाळ. मंग दोन नळ्यांत निळ्या रंगाचं पाणी घ्यायचं, दोन्हींत तो गाळ टाकायचा. एकीला काळा कागद गुंडाळायचा, दुसरी खिडकीतल्या उन्हात धरायची. चुली जित्या असल्या तर उन्हातल्या नळीतला निळा रंग उडून जातो. काळ्या कागदातला तसाच ऱ्हातो. मेलेल्या असल्या तर दोन्ही निळ्या. एवढाच सगळा खेळ. पण ह्या खेळापायी सर शहागंजच्या भाजीबाजारात पालकाचं एकेक पान सूर्याला दाखवून घ्यायचे. भाजीवाली बाई वैतागून म्हणायची, "भाजी घ्यायची का एक्सरे काढायचाय, सायेब?" बर्फ ते सायकलीच्या कॅरेजवर पोत्यात, भुशात घालून आणायचे. मागं रस्त्यावर पाण्याची रेघ. लोक इचारायचे, "सर, कुणाचं लगीन?" सर म्हणायचे, "पालकाचं."

पालकाचं काम त्यांला जमायचं. पालक काय, कुणालाबी जमतो, असं तेच म्हणायचे. त्यांचा जीव अडकला व्हता घोळीत.

घोळ तुमी बगितली असंल. भुईवर पसरती, लाल देठ, बारकी जाड पानं. शहरातली माणसं तण म्हणून उपटून टाकतेत. सरबी कन्नडकडलेच, कुणब्याच्या घरातले, त्यांच्या घरात पहिलेच शिकलेले. ते म्हणायचे, "दुष्काळात आमच्या रानात सगळं करपलं आक्का. ज्वारी गेली, तूर गेली. बांधाला घोळ तेवढी हिरवी. पाय दिला तर रस निघायचा. सगळ्या रानाच्या चुली विझल्या आन् हिचीच कामून पेटती, ते मला बघायचंय. ते कळालं ना, तर बाकीच्या पिकालाबी इचारता येईल, तुला का जमत नाय म्हणून."

मी भांडी घासत ऱ्हायचे. घोळीचं मला काय सांगता, असं मनात यायचं. खडीच्या कामावर खायला सुकडी मिळायची, ती पुरायची नाय. चार महिने आमी घोळीवर काढले. पण शहरात आल्यावर कुणाला सांगावं, की आमी तण खाऊन जगलो? शेजारणी हसतेल, लेकीला पुढं पोरी चिडवतेल. ते दिस मी गाठ मारून ठिवले व्हते.

सरांनी खात्याच्या मागं कुंड्यांत घोळ लावली. पाणी लई कमी घालायचे, दुष्काळात कशी ऱ्हाती ते बघायला. बुकात लिवलेलं व्हतं की पानं सकाळच्या पारी तोडायची, टवटवीत असतेत. सर बुकापरमाणं सातलाच तोडायचे. कुटायचे, पिळायचे, फिरवायचे. आन् नळ्या निळ्याच्या निळ्या. वर्सभर हेच. मधी दोनदा रंग उडाला, तव्हा सर खात्याभर नाचले. तिसऱ्यांदा परत निळं. दोनदा कामून झालं आन् बाकीच्या येळी कामून झालं नाय, ते त्यांनाच कळंना.

चाचा रोज दारात उभे राहून म्हणायचे, "क्या मास्तर, आज बी घास पीस रे क्या?"

"हौ चाचा."

"घास कुछ बोली?"

"आज बी नक्को बोली," सर म्हणायचे, आन् परत कुटायला घ्यायचे.

तेवढ्यात पत्र आलं. सरांचं काम तपासायला लांबच्या शहरातून एक मोठे साहेब येणार व्हते. त्यांनी लिवलं व्हतं, पालकाचं सगळ्या जगानं केलंय. घोळीचं माझ्या डोळ्यापुढं करून दाखवा, नायतर तुमचं काम अपुरं समजून बंद करावं लागंल. सरांची नोकरी कच्ची व्हती. पीएचडीची डॉक्टरकी झाली तर पक्की, नायतर त्याच उन्हाळ्यात खाली. सरांनी पत्र माझ्यापुढंच वाचलं, घडी घातली आन् खिशात ठिवलं, पानाशेजारी. मला म्हणले, "आक्का, नायच झालं तर गावाकडं जाईन. वावर हाय. पण घोळीला इचारायचं ऱ्हाऊन जाईल."

साहेब आले तो दिस चैताचा. अंगात पांढराधोट सदरा, पायात चकचकीत बूट. खात्यातल्या फुटक्या फरशीवर ते असं पाय टाकायचे की जणू शेणातून चाललेत. अकरा वाजता काम मांडलं. सातला तोडलेली पानं बर्फाच्या डब्यात तयार व्हती. सरांनी कुटलं, पिळलं, फिरवलं. निळ्या पाण्यात गाळ टाकला. एक नळी काळ्या कागदात, एक उन्हात.

आमी सगळे बगत ऱ्हायलो. निळं. पाच मिनिटं, निळं. धा मिनिटं, निळं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"पालकाचं तरी जमतं ना तुम्हाला?"

"जमतं सर."

"मग पालकच करायचा होता. मी जेवून येतो. चारच्या गाडीनं मला निघायचंय, त्याआधी कागदावर काय लिहायचं ते लिहितो."

ते गेले. सर स्टुलावर बसले आन् नळ्या ओळीनं लावायला लागले. मोठी, मधली, बारकी. परत काढायचे, परत लावायचे. तसं करताना मी माणूस एकदाच बगितलेला. माझे मालक, लेकरू पुरून आल्यावर, फोडलेली खडी अशीच लावत बसले व्हते.

मी धुयाला लागले. खलात चोथा उरला व्हता. तो पुसता पुसता बोटाला लागला आन् बोट तोंडात गेलं. सवयच. दात आंबले. थुंकले.

"लई आंबट हाये ओ सर. सकाळची तोडली ना."

सर नळ्याच लावत व्हते. "हूं."

"सकाळची आंबटच असती. तहानलेली असली तर आणखीन."

त्यांचा हात थांबला. "काय म्हणला?"

आता तोंडातनं गेलं व्हतं. माघारी घेता येईना. मी हात पदराला पुसले आन् गाठ सोडली. म्हणलं, "सर, आमी दुष्काळात घोळीवरच ऱ्हायलो. खडीच्या कामावरच्या सगळ्या बाया. सकाळची घोळ लेकरं खायची नायत, थुंकायची, त्यांच्या जिभंला फोड यायचे. तीच दुपारी ऊन कलायला लागल्यावर तोडली तर आंबट नसायची. म्हणून आमी सकाळी घोळीला हात लावायचो नाय. दुपारच्या सुट्टीत तोडायचो. आन् पाण्याकाठची घोळ कव्हाबी खावा, ती एवढी आंबत नाय. माळावरची आंबती."

सर उठले. डब्यात सकाळची पानं उरली व्हती. एक तोंडात टाकलं, त्यांचं तोंड वाकडं झालं. तसेच पळत मागं कुंड्यांकडं गेले. भर दुपार झाली व्हती. तिथलं एक पान तोडून चावलं. मी खिडकीतून बगत व्हते. ते तिथंच उन्हात उभे राहून चावत ऱ्हायले, चावत ऱ्हायले, शेळीवाणी.

माघारी आले ते वही घेऊन बसले. भराभरा पानं उलटली. "आक्का, दोनदा रंग उडाला, ते कव्हा? हे बघा. एकदा शहर बंद व्हतं, मला यायलाच दुपार झाली. एकदा बर्फवाला उशिरा आला, दुपारी तोडली. दोन्ही बारी दुपार! पालकाचं बुक वाचून मी घोळ सकाळी तोडतोय वर्सभर, आन् तिच्या आंबट रसात तिच्याच चुली विझवतोय!" त्यांनी कपाळाला हात मारला. मंग घड्याळ बगितलं. "कुटा आक्का. मी तोडतो."

त्या दिवसापावतर खलाला मी फक्त धुयाला हात लावला व्हता. त्या दिशी मी कुटलं. हळू हळू, चुलींला धक्का न लावता. साहेब जेवून आले, तव्हा आमी फडक्यातून पिळत व्हतो.

"हे काय? अजून चालूच?"

"एक पंधरा मिनिटं बसा सर," सर म्हणले. आवाज एकदम येगळा. मागणारा नव्हता तो आवाज.

गाळ फिरवायला नळ्या यंत्रात घातल्या, खटका दाबला, आन् लाईट गेली.

साहेबांनी घड्याळाकडं बगितलं. मला तर वाटलं, देवच आडवा आला. पण सरांकडं एक जुनं हातानं फिरवायचं यंत्र व्हतं, जुन्या बाजारातून आणलेलं, दांडीवालं. चाचांनीच ते कपाटावरून काढलं, फुंकर मारली, धूळ सगळी साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. सर म्हणले, "एकसारखं फिरलं पाहिजे. झटका बसला तर गाळ उठतो. चाचा, तुमी..."

"नक्को मास्तर, मेरा हात काँपता," चाचा म्हणले. "ये बाई को देव. इसका हात जाते का है."

दांडी मी धरली. जात्यावर बसल्यावाणी मांडी घातली, यंत्र स्टुलाला आवळून बांधलं, आन् फिरवायला लागले. लेकराला मांडीवर घेऊन पायलीभर ज्वारी दळलेली बाई मी. हात एकदा लागला की त्याला थांब म्हणावं लागतं. सर घड्याळ बगत व्हते. साहेब मला बगत व्हते. कपाळावरनं घाम डोळ्यात आला, पुसायला हात मोकळा नव्हता.

"बास," सर म्हणले.

बुडाला हिरवा गाळ. चांगला बसलेला. सरांनी तो निळ्या पाण्यात टाकला. एक नळी काळ्या कागदात. दुसरी हातात घेऊन ते खिडकीशी गेले आन् एक डोळा मिटून उन्हापुढं धरली.

आदी काय झालं नाय. मंग कडंनं जरासं फिकं झालं. मला वाटलं, डोळ्यातला घाम असंल. डोळे पुसले. निळं उतरत चाललं व्हतं. पाटात पाणी सोडल्यावर भुई पिऊन घेती ना, तसं ते निळं उन्हानं पिऊन घेतलं. ऱ्हायलं ते कवळं हिरवं, मुगाच्या शेंगंसारखं.

"कागद काढा," साहेब म्हणले. सरांनी दुसऱ्या नळीचा काळा कागद काढला. तिथं निळंच निळं.

"परत करा."

परत केलं. परत उडालं. साहेबांनी ती नळी स्वतःच्या हातात घेतली. खिडकीशी गेले. आन् बगा, त्यांनीबी एक डोळा मिटला. चाचा माझ्या कानात म्हणले, "ये बी गया काम से."

मंग सरांनी त्यांच्यापुढं दोन पानं धरली, एक डब्यातलं सकाळचं, एक कुंडीतलं दुपारचं. "चावून बघा सर." एवढा मोठा माणूस, पण चावलं त्यांनी. सकाळच्या पानाला त्यांचं तोंड असं झालं, की मी पदर तोंडाला लावला. दुपारचं त्यांनी पुरतं चावून खाल्लं.

"निवडुंगाचं असं ऐकलं होतं मी," ते हळूच म्हणले. "रात्री हवा आत घ्यायची, आंबट करून साठवायची, आणि दिवसा पाणी उडू नये म्हणून पानाची दारं बंद करून त्यावर चूल चालवायची. पण ही घोळ? ही तर पायाखालची भाजी. तहानली की हीही असं करते? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सरांनी माझ्याकडं हात केला. "ह्या आक्कांनी."

साहेब माझ्याकडं वळले. "आणि तुम्हाला कुणी सांगितलं बाई?"

काय सांगावं? खरं तेच सांगितलं. "माझ्या लेकीनं. दोन वर्सांची व्हती. सकाळची थुंकायची आन् दुपारची गिळायची. म्हणून जगली."

साहेबांची गाडी त्या दिशी चुकली. ते ऱ्हायले आन् दुसऱ्या दिशीबी दुपारी परत करून बगितलं. बूट काढून, बाह्या वर सारून.

पण खरी गंमत पुढंच हाये. सरांचं बुक लिवून झालं, साहेबांकडं गेलं. साहेबांनी सगळं मंजूर केलं, एका जागी फक्त रेघ मारली. सरांनी, काम कसं केलं ते सांगताना, लिवलं व्हतं: पानं दुपारी तीनला तोडली, जशी दुष्काळी कामावरच्या बाया तोडायच्या. साहेबांचं म्हणणं, हे इथं नको, शेवटी आभाराच्या पानावर टाका.

सर तेवढ्यापायी त्यांच्या शहराला गेले. माघारी आल्यावर मला सांगितलं. "मी म्हणलं, सर, मीठ काय आभारात घालतेत? भाजीत घालतेत. आक्कांचं सांगणं काढलं तर काम व्हतं का? नाय व्हत. मंग ते कामातच ऱ्हाईल."

"मंग साहेब काय म्हणले?"

"म्हणले, लिहा बाबा. तू काय ऐकणार नाहीस."

सर डॉक्टर झाले, नोकरी पक्की झाली. खात्यानं पेढे आणायचं ठरवलं. सर म्हणले, "पेढे नको. आक्का, घोळ करा. दुपारची." एवढी शिकलेली माणसं, त्यांला मी तण खाऊ घालू? पण सर स्वतः दुपारी तीनला हर्सूलच्या तळ्याकडंच्या माळावर आले, पिशवी भरून तोडू लागले, एकेक काडी सूर्याला दाखवत. मी लसूण घालून, मुगाची डाळ टाकून, मोठ्ठं पातेलं केलं. सोबत ज्वारीच्या भाकरी. तेल मोजून घातलं नाय त्या दिशी. कॉलेजातल्या टेबलावर, जिथं नळ्या असायच्या, तिथं पंगतीवाणी ताटं मांडली. मास्तर आले, मास्तरणी आल्या. खाल्लं, बोटं चाटली, परत मागितली. चाचांनी तिसऱ्यांदा ताट पुढं केलं. "बाई, झूट नै बोलता. गोश्त से अच्छी है." एका मास्तरणीनं इचारलं, "कुठं शिकलात हो ही भाजी?"

मी सगळ्यांदेखत सांगितलं, "दुष्काळात. खडी फोडायला व्हते तव्हा." माझी लेक शेजारीच उभी व्हती. तिनं मान खाली घातली नाय. मीबी नाय.

ते बुक पुढं लेकीनंच मला वाचून दाखवलं, बोट ठिवून ठिवून, कारण इंग्रजी तिलाबी नवंच व्हतं. त्यात आमचं नाव नाय. "दुष्काळी कामावरच्या बाया" एवढंच हाये. मला तेच बरं वाटलं. एकटीचं नाव घालायचं तर बाकीच्यांनी काय केलं व्हतं?

सर पुढं लई वर्सं शिकवत ऱ्हायले. मी काम सोडल्यावरबी दिवाळीला हर्सूलला यायचे, दारातल्या तुळशीचं पान सूर्याला धरायचे, मंगच चहाला बसायचे. रिटायर झाल्यावर कन्नडला गेले, वावरात. मागच्या उन्हाळ्यात तिथंच वारले. मला उशिरा कळालं. त्यांच्या सुनेनं त्यांचा एक सदरा मला धाडला, का ते तिलाच ठाऊक. खिशावरचा डाग हाये तसाच हाये. मी तो धुतला नाय. एकदा धुयाची चूक केलीय मी, पुन्हा नाय.

परवा नातीच्या अॅडमिशनला त्याच कॉलेजात गेले. तिनं सायन्स घेतलंय. ती रांगेत उभी ऱ्हायली तव्हा मी हळूच आमच्या खात्याच्या मागच्या अंगाला गेले. फरशी नवी, खिडक्या नव्या. यंत्रं सगळी लाईटवरची. पण कुंड्या हायेत, आन् कुंड्यांत घोळ. पांढरा कोट घातलेली एक पोरगी कुंडीपाशी उभी राहून मोबाईलात बगत व्हती.

"काय बगते गं?"

"वेळ बघतेय आजी. पानं तीनला तोडायची असतात."

"तीनलाच कामून?"

ती हसली. "आमच्याकडं पहिल्यापासून असंच करतात. पद्धत आहे."

मी सावलीला बसले तिच्यासंगं. तीन वाजले, तिनं पानं खुडायला सुरुवात केली. मी एक मागून घेतलं आन् तोंडात टाकलं.

जरासुदीक आंबट नव्हतं.